सह्याद्रीतली रानअळंबी ओळखायची कशी?

पावसाळ्यात घाटात फिरायला गेलेला माणूस अळंबीचा फोटो काढतो तो वरून. मग तो ग्रुपवर टाकतो आणि विचारतो, "ही खायची आहे का?" त्या एका फोटोवरून याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. वरून दिसणारी छत्री ओळखीच्या दृष्टीने सगळ्यांत कमी कामाची. मातीत उगवलेली, वर तपकिरी खवले असलेली पांढरी छत्री निदान चार-पाच वेगवेगळ्या वंशांतली असू शकते. त्यातली एखादी ताटात चालते, एखादीने रात्रभर उलट्या होतात आणि एखादीने यकृत निकामी होतं. खरी ओळख छत्रीच्या पोटाशी, देठाच्या बुडाशी आणि बऱ्याचदा जमिनीच्या आत असते. म्हणून हा लेख वरून खाली जाणार आहे.

आपल्याकडे साधारण जून ते ऑक्टोबर हा अळंबीचा हंगाम. कोकणात आणि घाटमाथ्यावर अळंबी, गोव्यात अळमी, विदर्भात टेकोडे किंवा सात्या, आणि जे खायचं नाही ते सगळं कुत्र्याची छत्री. ही शेवटची वर्गवारी अगदी ढोबळ असली तरी तिच्यामागचा विचार पक्का आहे: ओळख पटली नाही तर हात लावायचा नाही. पुढचं सगळं वाचताना तोच विचार धरून ठेवा. ओळखायला शिकणं म्हणजे बहुतेक वेळा 'ही ती नव्हे' एवढं खात्रीने सांगता येणं.

निघण्यापूर्वी

सामान फार लागत नाही. वेताची करंडी किंवा कागदी पिशव्या, छोटी सुरी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, वही आणि पेन्सिल (पावसात शाई टिकत नाही). प्लॅस्टिकची पिशवी नको. तिच्यात अळंबी घामेजते, तासाभरात चिकट होते आणि घरी पोचेपर्यंत कल्ले (छत्रीखालचे पापुद्रे), खवले, कडं (देठावरची बांगडी) यातलं काही शाबूत राहत नाही. प्रत्येक प्रकार वेगळ्या पिशवीत ठेवा. एका करंडीत सगळं एकत्र टाकलं की कुठला तुकडा कुणाचा ते कळत नाही, आणि खाण्याच्या अळंबीत विषारी तुकडा मिसळण्याचा हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे.

कुठे जायचं हेही ठरवून घ्या. कोयना, चांदोली, राधानगरी, भीमाशंकर, गोव्यातलं म्हादई किंवा मोले अशा अभयारण्यांतून आणि राष्ट्रीय उद्यानांतून वन खात्याच्या परवानगीशिवाय काही काढून आणता येत नाही. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. तिथे बघा, फोटो काढा, तशीच ठेवा. शिकायला आपली नाहीतर ओळखीच्या माणसाची वाडी, शेताचा बांध, काजूची बाग उत्तम. एकाच जागेकडे हंगामभर लक्ष ठेवता येतं, आणि कळी ते कुजण्यापर्यंतचा प्रवास पाहिल्याशिवाय कुठलीच अळंबी कळत नाही.

विषारी अळंबीला नुसता हात लागल्याने काही होत नाही. विष पोटात गेलं तरच भिनतं. त्यामुळे तपासताना भिऊ नका, फक्त नंतर हात धुवा.

पहिलं पाहायचं ते अळंबीखालची जमीन

अळंबी म्हणजे बुरशीचं फळ. खरी बुरशी तंतूंच्या रूपात माती, लाकूड, पेंढा, शेण यांच्या आत पसरलेली असते आणि ती कशावर जगते यावरून निम्मी यादी कटते. म्हणून काढायच्या आधी लिहून ठेवा: मातीत आहे की लाकडावर? लाकूड जिवंत झाडाचं की कुजकं? आसपास कोणती झाडं? वारूळ जवळ आहे का? गवताळ माळ आहे, शेणखताचा ढीग आहे की पेंढ्याची उडवी?

इथे एक फसगत नेहमी होते. मातीतून आल्यासारखी दिसणारी अळंबी प्रत्यक्षात गाडल्या गेलेल्या ओंडक्यावर किंवा मुळावर असते. शंका आली की भोवतीची माती चार बोटं बाजूला सारून बघा.

लाकडावरच्यांचा पसारा मोठा आहे. देठ नसल्यासारख्या, एकावर एक पंखे रचल्यासारख्या धिंगरीच्या जाती, ओल्या फांद्यांवरचे मऊ तपकिरी कान, आणि कठीण, वर्षानुवर्षं वाढणारे कवकाचे कट्टे. जुन्या फणसाच्या खोडावर येणारा फणसोंबा या शेवटच्या गटातला. कोकणात तो उगाळून लहान मुलांच्या तोंड येण्यावर लावायची पद्धत आहे. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री जी कुजकी लाकडं हिरवट उजळतात, त्यामागेही लाकडावर जगणारी बुरशीच असते. ते बघायला जरूर जा. पण चमकते म्हणून विषारी किंवा चमकत नाही म्हणून निर्धोक, असा काही संबंध नाही.

उपटू नका, बुडासकट खणा

नवशिक्याकडून सगळ्यांत घातक चूक इथे होते. तो देठ धरून उपटतो किंवा सुरीने जमिनीलगत कापतो, आणि ज्या एका खुणेवर जीव अवलंबून असतो ती खूण मातीतच राहते.

अमानिटा वंशातल्या अळंब्या लहानपणी एका आवरणात अंड्यासारख्या बंद असतात. वाढताना ते आवरण फाटतं. त्याचा खालचा भाग देठाच्या बुडाशी पिशवीसारखा राहतो. त्याला आपण खोळ म्हणू. वरचे तुकडे छत्रीवर ठिपक्यांसारखे चिकटून राहतात, पण पाऊस ते धुऊन टाकतो. छत्री मग गुळगुळीत आणि निरागस दिसते. खोळ मात्र मातीत तशीच असते. जगातले अळंबीच्या विषबाधेचे बहुसंख्य मृत्यू याच वंशातल्या मोजक्या जातींमुळे होतात.

म्हणून सुरी देठापासून दोन बोटं लांब मातीत घाला, खोल घाला आणि ढेकळासकट अळंबी वर काढा. माती बोटांनी हळूच झटका. बूड साधं आहे, कांद्यासारखं फुगलंय, खोळीत बसलंय की मुळीसारखं खाली लांबत गेलंय, ते पाहा आणि फोटो काढा. खोळ कधी स्पष्ट पिशवी असते, कधी नुसत्या भुकटीच्या कड्या. खोळीची शंका जरी आली तरी ती अळंबी खाण्याच्या यादीतून बाद. यात घासाघीस नाही.

शक्य असेल तर एकाच जागची कळी, अर्धी उघडलेली आणि जुनी अशा तीन घ्या. एकीला उभी चिरा. मांसाचा रंग बदलतो का, देठ पोकळ आहे की भरीव, कल्ले देठाला कुठे मिळतात, हे चिरल्यावरच दिसतं.

छत्रीच्या पोटाशी

अळंबी उलटी केली की तीनपैकी एक दिसतं: पातळ उभ्या पापुद्र्यांची रांग म्हणजे कल्ले, स्पंजासारखी बारीक भोकं, किंवा बोथट काटे. आपल्याकडच्या मातीतल्या बहुतेक अळंब्या कल्ल्यांच्या.

कल्ल्यांचा रंग बघा, पण तो कळीपासून म्हातारपणापर्यंत कसा बदलतो तेही बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कल्ले देठाला चिकटलेले आहेत की देठाभोवती बारीक मोकळी फट सोडून थांबलेत. भिंग इथे कामाला येतं. मग देठावर कडं आहे का? असेल तर ते बांगडीसारखं वरखाली सरकतं, घट्ट बसलंय की नुसता फाटका पडदा लोंबतोय? कडं गळूनही पडतं, त्यामुळे 'कडं नाही' ही नोंद एका अळंबीवरून करू नका.

वास जरूर घ्या, वहीत लिहा, पण वासावरून निवाडा करू नका. अनेक विषारी जातींना छान वास येतो.

बीजाणूंचा ठसा

ही पायरी लोक कंटाळून गाळतात, आणि घरच्या घरी करता येणारी सगळ्यांत भरवशाची परीक्षा हीच. कल्ल्यांच्या रंगावर जाऊ नका. बीजाणू, म्हणजे अळंबीची बियांसारखी बारीक पूड, साठल्यावर पडणारा रंग वेगळा असू शकतो.

पूर्ण उघडलेली, पण न सुकलेली छत्री घ्या. देठ छत्रीलगत कापा. कल्ले खाली करून ती काचेच्या तुकड्यावर ठेवा. कागदही चालतो, पण आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत तो ओलसर होऊन ठसा पसरतो, म्हणून काच बरी. काच नंतर पांढऱ्या आणि काळ्या कागदावर धरली की फिका ठसाही दिसतो. छत्रीवर पाण्याचा एक थेंब टाका, वर वाटी पालथी घाला. कोकणातल्या घरात मुंग्या वास काढत येतातच, तेव्हा काच एका उलट्या वाटीवर ठेवून ती वाटी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवा. रात्री ठेवलं की सकाळी छत्री अलगद उचला. खाली कल्ल्यांची हुबेहूब चक्राकार नक्षी पावडरीत उमटलेली असते. हा रंग दिवसाच्या उजेडात पाहा, ट्यूबलाइटखाली नव्हे.

पांढरा ठसा असेल तर अमानिटा, लेपिओटा आणि इतर अनेक जण रांगेत येतात. गुलाबी किंवा सालमन माशाच्या मांसाचा रंग असेल तर वारुळाची अळंबी, पेंढ्यावरची अळंबी, पण विषारी एन्टोलोमासुद्धा. चॉकलेटी म्हणजे बाजारातल्या बटण मशरूमचं कुटुंब. गंजाचा तपकिरी हा धोक्याचा रंग, त्या गटात खायच्या नादी लागू नये. काळा ठसा शाईसारख्या विरघळणाऱ्या छत्र्यांचा. आणि हिरवट ठसा आला तर शोध संपला, कारण हिरवा ठसा देणारी मोठी अळंबी आपल्याकडे मुख्यतः एकच आहे. तिच्याकडे येतोच.

एक उदाहरण पुरतं: वारुळाची अळंबी

गोव्यात जिला रोयणीची अळमी म्हणतात आणि मुंबई-गोवा रस्त्यावर जिच्या पुड्या पानात बांधून विकायला बसतात, ती टर्मिटोमायसिस वंशातली. हिची शेती अजून कुणाला जमलेली नाही, कारण हिची शेती वाळवी करते. वाळवी सुकी पानं, काटक्या खाते, विष्ठेपासून जमिनीखालच्या कोठीत स्पंजासारखे पोळे बांधते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी लाकूड पचवायला सोपं करते, वाळवी तिचे बारीक पांढरे मणी खाते. पाऊस मुरला की याच पोळ्यातून अळंबी मातीचा थर फोडत वर येते.

तिच्या सगळ्या खुणा या प्रवासातून आलेल्या. माती भोसकायची म्हणून छत्रीच्या मधोमध टोकदार, कठीण, बहुधा गडद उंचवटा. कोठी खोल म्हणून देठाला खाली लांबच लांब मुळी, कधी वीतभर, कधी हातभरसुद्धा. कल्ले देठापासून मोकळे, आधी पांढरे, मग गुलाबी झाक येणारे. ठसा गुलाबी. काही जातींत देठावर जाड, टिकाऊ कडं असतं, काहींत नसतं. बुडाशी खोळ कधीच नाही.

आता एकेक खूण वेगळी काढून बघा, म्हणजे एका खुणेवर विसंबणं किती धोक्याचं ते कळेल. लांब मुळी? गाडलेल्या लाकडावरच्या एका वेगळ्या अळंबीलाही अशीच मुळी असते, पण तिची छत्री ओली असताना बुळबुळीत आणि ठसा पांढरा. गुलाबी ठसा? एन्टोलोमाचाही गुलाबी, पण त्याचे कल्ले देठाला चिकटलेले आणि मुळी नाही. मोकळे कल्ले आणि गुलाबी ठसा दोन्ही? पेंढ्यावरच्या अळंबीत दोन्ही असतात, वर बुडाशी खोळही. वारुळाजवळ उगवली? कोरड्या भागात वारुळांवर उंच, बंद छत्रीची पोडॅक्सिस येते, जिच्या आतलं सगळं पुढे काळं पडतं. शिवाय खाली कोठी असली तरी वर वारूळ दिसेलच असं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच वाळव्यांची घरं सपाट जमिनीखाली असतात. टोकदार उंचवटा, मुळी, मोकळे कल्ले, गुलाबी ठसा, खोळीचा अभाव हे सगळं एकाच अळंबीत जुळलं तरच ती टर्मिटोमायसिस.

याच वंशातली बोटाच्या पेराएवढी, शेकड्यांनी उगवणारी एक बारीक जात आहे. वाळवीने पोळ्याचे तुकडे बाहेर आणून टाकले की त्यावर ती येते, त्यामुळे तिला लांब मुळी नसते. खाणारे आवडीने खातात. नवशिक्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये; इतक्या लहान पांढऱ्या अळंब्यांत घातक जाती मिसळलेल्या कळत नाहीत.

मुळी बघायची म्हणून कोठीपर्यंत खणत जाऊ नका. वीतभर मुळी दिसली की पुरे. वाळवीचं घर शाबूत राहिलं तर त्याच जागी पुढच्या वर्षी पुन्हा येतात, म्हणूनच जुनी माणसं जागा सांगत नाहीत. अलीकडे सगळ्या कळ्याच उपटून नेतात कारण कळीला भाव जास्त. एकही छत्री उघडू दिली नाही तर बीजाणू पसरणार कुठून?

फसवणाऱ्या

हिरव्या ठशाची, म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. बागेतली हिरवळ, शाळेचं मैदान, गुरं चरायचा माळ इथे पावसानंतर मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या, कधी वर्तुळात. वर तपकिरी खवले, देठावर सरकणारं कडं. दिसायला इतकी देखणी की हिला सोडवत नाही. तरुणपणी कल्ले पांढरेशुभ्र, हिरवट छटा उशिरा येते. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. जीव सहसा जात नाही, पण लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना रुग्णालयात न्यावंच लागतं. एका रात्रीच्या ठशाने ही पकडता येते.

छोट्या लेपिओटा. तळहातात मावतील अशा, खवलेदार, नाजूक कड्याच्या. यातल्या काही जातींत अमानिटासारखंच यकृत मारणारं विष असतं. छत्री चार बोटांपेक्षा लहान, खवले आणि पांढरे कल्ले असं जुळलं तर विषय सोडा.

फुगे. गोव्या-कोकणात पावसाच्या सुरुवातीला जमिनीतून काढतात ते गोल. प्रत्येक गोळा उभा चिरायचा, अपवाद नाही. आतून सगळीकडे सारखा पांढरा हवा. आत जांभळट काळा गर निघाला तर तो विषारी स्क्लेरोडर्मा असू शकतो. आणि चिरल्यावर आत छत्री, कल्ले, देठ यांची पुसट आकृती दिसली तर तो फुगा नव्हेच, न उमललेली अमानिटा असू शकते.

ज्या कसोट्या चालत नाहीत

चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण किंवा तांदूळ रंग बदलणं, किड्यांनी कुरतडलेली म्हणून चांगली, साल सोलली जाते म्हणून चांगली, चिंच घालून उकळली की विष उतरतं. यातलं एकही खरं नाही. अमानिटाचं विष उकळून, तळून, वाळवून जात नाही. गोगलगायी ती मजेत खातात. या कसोट्या वापरूनही आजवर काही झालं नाही असं म्हणणाऱ्यांना मुळात जागा आणि जात ठाऊक असते. नाणं फक्त सोबतीला असतं.

मोबाइलचं अ‍ॅप याच यादीत घालावंसं वाटतं, पण थोडा फरक करू. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर पाच फोटो (वरून, कल्ले, कडेने, बूड, उभा छेद) आणि ठशाचा रंग टाकला तर जाणकार वंशापर्यंत पोचवतात. शिकायला ते उत्तम. कॅमेरा रोखल्याबरोबर नाव सांगणाऱ्या अ‍ॅपवर विसंबून भाजी करू नका.

खायचंच असेल तर

वाचून नाही, माणसाकडून शिका. आणि असं माणूस, जे त्याच जागची तीच अळंबी वर्षानुवर्षं काढून खातंय. एका गावचं ज्ञान दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ नका, तिथे तशीच दिसणारी वेगळी जात असू शकते. पहिल्यांदा खाताना एकच प्रकार, थोडा, नीट शिजवून. दोन-चार अळंब्या न शिजवता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. सोबत दारू नको. शाईसारख्या छत्र्यांच्या एका जातीने एरवी काही होत नाही, पण दारूबरोबर धडधड आणि उलट्या होतात. फवारणी झालेल्या बागेतली आणि रस्त्याकडेची घेऊ नका. कुजायला लागलेली चांगली अळंबीही पोट बिघडवते.

त्रास झाला तर

घड्याळ बघा. खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत किती तास गेले, हे डॉक्टरांना सगळ्यांत आधी सांगायचं. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी दोन तासांच्या आत सुरू झालं तर एक प्रकारचं विष, ज्यावर अ‍ॅट्रोपिन हे औषध चालतं. उलट्या-जुलाब सहा तासांनंतर, कधी बारा-चोवीस तासांनी सुरू झाले तर यकृताच्या विषाचा संशय घ्यायचा. यात दुसऱ्या दिवशी रुग्णाला एकदम बरं वाटतं, घरचे घरी घेऊन जातात, आणि आत यकृत निकामी होत असतं. बरं वाटलं म्हणून घरी आणू नका, यकृताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करून घ्या. लवकर त्रास झाला म्हणजे धोका टळला असंही नाही. दोन प्रकार एकत्र खाल्ले गेले असतील तर दुसरं विष मागाहून दिसतं.

१०८ ला फोन करा. मीठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास नसला तरी. फ्रिजमधली अळंबी, उरलेली भाजी, कचऱ्यातले देठ, ठसा, फोटो, जे असेल ते बरोबर घ्या. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं. तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशी विषबाधा कधी पाहिली नसेल तर त्यांना तिथे विचारायला सांगा, आणि यकृताचे उपचार होतील अशा मोठ्या रुग्णालयात हलवायचं का, हे पहिल्याच दिवशी विचारा.